कोपराखाली एक वीत

टोप रिकामा होता, तरी त्याच्या आत काय आहे ते राहीला दिसेना. नव्या ओट्यावरच्या नव्या चुलीवर तिने तो नुसता ठेवून पाहिला होता, बसतो कसा म्हणून. चूल अजून पेटायची होती. धुराड्यातून आभाळाचा एक चौकोनी तुकडा खाली बघत होता आणि भिंतींना ओल्या चुन्याचा, जिभेवर तुरट चव आणणारा वास होता. टोपाचा काठ तिच्या डोळ्यांसमोर आडवा आला, लहान पोरीला विहिरीचा कठडा येतो तसा. ती पाऊलभर पुढे सरकली. ओट्याची कड पोटात रुतली. तिने पळी टोपात घालून ढवळल्यासारखं केलं, तेव्हा कोपर उचलावा लागला, कोपरामागून खांदा, आणि खांदा कानाशी आला. बांगड्या दगडावर वाजल्या. मोरीच्या तोंडाशी उकिडवा बसून कोंडाजी गवंडी थापीने शेवटचा चुना सारखा करत होता, त्याने मान वर केली.

“का वो वैनी, जमला न्हाय का?”

“उंच झालाय.”

“उंच कसा व्हईल? मुंबयसून माप आलंय. धर्माजीभाऊंनी सवता गाठ मारून धाडलंय.” कोंडाजी उठला, हात लंगोटीला पुसून त्याने भिंतीतल्या कोनाड्यातून एक काळा दोरा काढला. “हे टोक जमिनीला. ही गाठ म्हंजे उभ्या बाईचा कोपर. कोपराखाली येक वीत सोडायची आन् तितं ओटा. कागदात असंच हाय, शेजारच्या सदाभाऊनं वाचून दावलं. मी सूतभर इकडंतिकडं केलं न्हाय.”

राहीने दोरा घेतला. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं वर ओढलं. दोरा तिच्या निऱ्यांवरून, कमरेवरून वर आला. गाठ कोपरापाशी थांबली नाही. कोपराच्या वर, दंडावर, जिथे लहानपणी देवी टोचल्याचा डाग होता त्याच्या जरा खाली येऊन टेकली. तिने बोटं लावून पाहिली. सहा बोटं.

“मंग बाई दुसरी आसंल,” कोंडाजी हसत म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने थापी उचलली आणि आधीच गुळगुळीत झालेला चुना पुन्हा गुळगुळीत करू लागला. “सा बोटांनी मानूस मरत न्हाय, वैनी. पाट घ्या पायाखाली.”

दोरा मेणाचा हात फिरवलेला, गुळगुळीत आणि चिवट होता. राहीला तो ओळखीचा होता. तिचा नवरा धर्माजी मुंबईला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. जुळवलेला मजकूर सुटू नये म्हणून तिथे असल्या दोऱ्याने बांधत. तो शिमग्याला आठ दिवस आणि दिवाळीला आठ दिवस मुरूडला यायचा, तेव्हा त्याचं गाठोडंही याच दोऱ्याने बांधलेलं असायचं. गाठ त्याच्याच हाताची होती, बारीक, दाबून बसवलेली, नखाने सुटणार नाही अशी. त्याच्या हातून माप चुकत नसे. ताटातल्या भाकरीची कड तुटलेली असली तरी तो ती फिरवून घ्यायचा. दाराच्या बिजागरीचा एक खिळा वाकडा बसलेला त्याला झोपाळ्यावरून दिसायचा. असा माणूस सहा बोटं चुकला असं राहीला स्वतःला सांगता येईना. तिने दोन-तीनदा सांगून पाहिलं, पण ते मनात टिकेना, उतरंडीवर चुकीच्या जागी ठेवलेल्या मडक्यासारखं घरंगळून खाली येई.

आखितीला, अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस होते. आखितीला घरभरणी, आणि त्यानंतर धर्माजी मुंबईला परत जाणार नव्हता. बावीस वर्षांनी तो कायमचा घरी राहणार होता, म्हणून यंदा शिमग्याची रजाही त्याने घेतली नव्हती. हे घर त्यासाठीच होतं. वाडीच्या टोकाला, जांभ्या चिऱ्यांचं, चार खोल्यांचं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून माडांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसणारं. त्यातल्या स्वयंपाकघराचं त्याने तिला विचारलं होतं, आणि ते विचारणं राही गेले सहा महिने उराशी घेऊन वावरत होती. दिवाळीनंतर पत्र आलं, ते शेजारच्या कोकिळेच्या नवऱ्याने, सदाने, ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. धर्माजीने लिहिलं होतं की मुंबईत हल्ली ओटे करतात. ओटा भिंतीला धरून बांधायचा, त्याच्यावर चूल, वर धुराडं, भांड्यांना भिंतीतच फळ्या, डाळ-तांदळाला भिंतीतच फडताळ. बाईने उभ्याने रांधायचं, कंबर वाचते. नाहीतर आपलं आहे तेच, जमिनीवर मातीची चूल, मांडणी, घडवंची, सगळं सुटं, मन होईल तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येईल असं. ‘राहीला काय हवं ते तिला विचारून कळवावे. तिची कंबर दुखते.’

तिची कंबर दुखते हे त्याला ठाऊक होतं. सदाने ते वाक्य वाचलं तेव्हा कोकिळा गालात हसली आणि राही उगाच उठून कोंबड्या हाकलायला गेली. तिने उत्तर लगेच दिलं नाही. चार दिवस ती आपल्या चुलीकडे बघत राहिली. चूल तिने स्वतः घातलेली होती, वारुळाची माती, भाताचं तूस आणि शेण एकत्र तुडवून. ती तिची तिसरी. लग्न होऊन आली तेव्हा दिराच्या घरात चूल माजघरामागे होती. धर्माजी मुंबईला गेला त्या वर्षी जावेने म्हटलं, तुझं माणूस हितं न्हाय, तुझं दोन माणसांचं रांधणं, पडवीत मांड चूल. राहीने चूल पडवीत नेली. पुढे दिराचा मुलगा लग्नाचा झाला, पडवीला कूड घालून खोली केली, तेव्हा चूल मागच्या छपरात गेली, आणि शेवटी गोठ्याच्या कडेला, जिथे म्हशीची शेपटी अधूनमधून आमटीच्या वाफेतून फिरायची. दर वेळी कोणीतरी सहज म्हणायचं, “चूलच ती, उचल की.” सुटी चूल उचलता येते, तिच्यामागोमाग बाईही उचलता येते, एवढं राहीला बावीस वर्षांत समजलं होतं. भिंतीत बांधलेल्या चुलीला कोण सरक म्हणणार? पाचव्या दिवशी तिने सदाला सांगितलं, “लिवा, ओटा करा.” आणि मांडणी, लेकीच्या बारशाला माहेरून आलेली, सागाची, जिच्या पायांना तिने दरवर्षी खोबरेल लावलं होतं ती, तिने कोकिळेला देऊन टाकली. भिंतीत फळ्या आल्यावर मांडणी ठेवायची कुठे?

दुपारी कोकिळा घर बघायला आली. राहीने दोरा ओटीत ठेवला होता.

“जरा सरळ उभी ऱ्हा,” राही म्हणाली.

“का गो? मला चोळी शिवतेस?”

राहीने दोऱ्याचं टोक तिच्या पायाशी टाकलं. कोकिळा वाडीतली उंच बाई म्हणून चालायची. गाठ तिच्याही कोपराच्या वर गेली, दोन बोटं. मग राहीने काय झालं ते सांगितलं. कोकिळेने ओट्याला हात लावला, हात कमरेवर ठेवला, आणि तिचे डोळे चमकले.

“भावजींनी मुंबयची सवत मोजून धाडली व्हय? बरं केलंन्. येताना तिलाच घेऊन येऊ दे, आयता ओटा हाय. तू बस माज्या दारात, मांडणी हायच तुजी.”

ती चेष्टाच होती. कोकिळेला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नव्हतं. राही हसलीही. पण कोकिळा गेल्यावर ती सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली आणि डोळे उघडेच ठेवून ओट्याकडे बघत राहिली. जमीन गार होती. खालून बघताना ओटा आणखी उंच दिसत होता. त्याच्यासमोर आता कोणीतरी उभं होतं. राहीने तिला बोलावलं नव्हतं. गाठ होती तिथे कोपर आला, कोपराला दंड आला, दंडाला रुंद खांदा, आणि खालून पाय, लांब, जमिनीवर घट्ट ठेवलेले, ज्यांना टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. ही बाई टोपात सहज बघत होती. तिची पाठ ताठ होती, कारण ती ओट्यापाशी उभी राहणारी होती, आणि उभ्या राहणाऱ्या बाईची पाठ अशीच असणार. तिला तोंड येईना. राहीने कोकिळेचं लावून पाहिलं, जावेचं लावून पाहिलं, आगरदांड्याला दिलेल्या आपल्या लेकीचं, नलूचंसुद्धा. बसलं नाही. नलू तर तिच्याहून बुटकी. तोंड नसलेली ती बाई भात ढवळत राहिली, आणि राहीला वाटलं, आपण इथे आडव्या पडलो आहोत हे तिच्या पायात येत असेल. ती थोडी सरकून निजली. मग स्वतःच्याच घरात आपण कोणाला वाट करून देतो आहोत हे ध्यानात येऊन उठून बसली.

हे सगळं खोटं असेल, असंही तिला वाटत होतं. बाईमाणूस एकटं राहिलं की दोऱ्याची दोरी करतं. बावीस वर्षांत तिने त्याच्यावर कधी शंका घेतली नव्हती. घ्यायला फुरसतही नव्हती. तो आला की ती रांधायची, तो जेवायचा, ती पुढचं रांधायची. रात्री घासलेटचा दिवा मालवल्यावर तो छापखान्यातलं काही सांगायचा, ती ऐकता ऐकता झोपायची. एवढंच होतं. पण तेवढं आपलं आहे असं तिने धरलं होतं.

धर्माजी आखितीच्या आदल्या सकाळी आला. आगबोट लांब उभी राहिली, पडाव उतारू घेऊन किनाऱ्याला लागला, आणि तो गुडघाभर पाण्यातून एका हातात वहाणा आणि डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आला. त्याचे केस मागच्या दिवाळीपेक्षा पांढरे झाले होते. तो घरात शिरला. प्रत्येक भिंतीवरून त्याने तळवा फिरवला, दारांच्या चौकटी एका डोळ्याने पाहिल्या, खिडकीतली समुद्राची पट्टी पाहिली. मग स्वयंपाकघरात आला. ओट्यापाशी थांबला, कडेवर बोट ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, आणि त्याचं तोंड उजळलं. राहीने त्याचं तोंड असं उजळलेलं नलूच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

“बरोबर जमलाय,” तो म्हणाला. “अगदी बरोबर. कोंडाजीचा हात चांगला आहे.”

राही पुढे झाली. चुलीवर टोप तसाच होता. ती ओट्यासमोर उभी राहिली, जशी परवा राहिली होती तशी. तो बघत राहिला. त्याचे डोळे माप घेणारे होते. ओट्यावरून तिच्या कोपरावर आले, कोपरावरून खांद्यावर, पुन्हा ओट्यावर. उजळलेलं तोंड हळूहळू विझत गेलं.

“टोपात काय हाय ते मला दिसत न्हाय,” राही म्हणाली.

“तू... एवढीच आहेस?” तो म्हणाला.

हे इतक्या हळू आणि इतक्या खऱ्या आश्चर्याने आलं, की तिला क्षणभर त्याची कीव आली. तिने ओटीतून दोरा काढून ओट्यावर ठेवला.

“माप कुनाचं?”

त्याने लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं. “सोनूबाईचं,” तो म्हणाला. “मी जेवतो ना, त्या खाणावळीतली. खोली एवढीशी, जमिनीवर आम्हा पंधराजणांची पंगत, म्हणून तिची चूल ओट्यावर. तिचीही कंबर जायची, ओटा केल्यापासून बरी आहे. म्हणून तर मला सुचलं, तुझ्यासाठी.”

“मंग वट्याचं माप घ्यायचं. कोपराचं कशाला?”

“तिचा ओटा बुटका झालाय. घरमालकाने केलेला. तीच म्हणाली, ओट्यावरनं घेऊ नका, भाऊ, माझ्यासारखी फसेल तुमची बायको. कोपरावरनं घ्या म्हणाली. कोपराखाली वीतभर म्हणजे बाईला सुख.” तो बोलता बोलता थांबला, पण सुरू केलेली ओळ पुरी करण्याची त्याला सवय होती. “एकट्याने माप घेता येत नाही. एक टोक मी जमिनीला धरलं, दुसरं तिनं कोपराला.”

जमिनीला टोक धरायचं तर वाकावं लागतं. राहीला तो वाकलेला दिसला, पंगत उठून गेलेल्या ओल्या जमिनीवर, उष्ट्या शितांत, एका बाईच्या पावलाशी अंगठ्याने दोरा दाबून धरलेला आणि मान वर करून विचारणारा, आला का कोपरापाशी? ती बाई वाईट नव्हती. हेच सगळ्यांत वाईट होतं. तिने राहीच्या कमरेची काळजी केली होती. राहीला शिव्या द्यायलाही कोणी उरलं नाही.

“तिनं इचारलं न्हाय तुमाला, बाई केवढी हाय?”

धर्माजी दोऱ्याकडे बघत होता. गाठ त्याने बोटात धरली, जणू ती अजून सोडता येईल.

“विचारलं.”

“मंग?”

“म्हटलं, तुमच्याएवढीच असेल.”

बाहेर माडावरून एक झावळी सुटून खाली पडली, तिचा लांब खरखरता आवाज घरात येऊन संपला.

“तुझं माप मी कुठून आणणार होतो, राही?” तो म्हणाला. “मी येतो तेव्हा तू चुलीपाशी बसलेली असतेस. निजतो तेव्हा आडवी. मी तुला उभी पाहिलीच कुठे?” आणि मग, ते आपण काय बोललो हे स्वतःच्याच कानाने ऐकल्यासारखा, तो घाईने म्हणाला, “फोडू आपण. उद्या नाही, उद्या घरभरणी. परवा कोंडाजीला सांगतो. सहा बोटं उतरवायला कितीसा वेळ लागतो?”

“भिंतीला धरून हाय त्यो,” राही म्हणाली. “फोडलं तर भिताडबी हलेल. ऱ्हाऊ द्या.”

तिला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तो दिवसभर घरात पाय न वाजवता फिरला, दोनदा काहीतरी सांगायला आला आणि पाणी मागून परत गेला. दुसरी बाई ठेवलेल्या नवऱ्याशी कसं वागायचं हे वाडीतल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. ओरडायचं, माहेरी जायचं, चार माणसं बसवायची. पण ज्याने बावीस वर्षं दुसरीकडे वाढून घेतलं, दुसरीच्या हाताची चव धरली, आणि घरच्या बाईचा अदमास तिच्यावरून बांधला, त्याच्याशी कसं वागायचं हे कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं. कोकिळेला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढंच ना? एवढंच होतं. राहीने ते उलटसुलट करून पाहिलं, आणि दर वेळी ते एवढंच निघालं, आणि दर वेळी तिच्या पोटात, ओट्याची कड रुतली होती तिथेच, दुखलं.

आखितीच्या सकाळी कोकिळा दूध घेऊन आली तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, जांभ्याचे तीन तुकडे मांडलेले होते. बांधकामातून उरलेले, तळहाताएवढे. राही त्यांच्यामध्ये काटक्या सारत होती. ओटा धुऊनपुसून स्वच्छ होता. त्यावर हळदकुंकू होतं आणि एक नारळ.

“ह्ये काय? तीन दगडांची चूल वाटसराची असते गो,” कोकिळा म्हणाली. “घरभरणीला न्हाय मांडीत.”

“माज्या मापाची हाय,” राही म्हणाली.

कोकिळेने दाराशी उभ्या असलेल्या धर्माजीकडे पाहिलं आणि दुधाचं भांडं दगडांवर ठेवलं. दूध तापलं, चढलं, पूर्वेच्या अंगाने उतू गेलं. शुभ झालं. कोकिळा हळद लावून घेऊन घरी गेली, जाताना दारात म्हणाली, “मांडणी धाडून देते सांजच्याला. माज्या घरात तिला जागा न्हाय.” राहीने चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या.

मग तिने त्याच तीन दगडांवर भात टाकला, वालाचं बिरडं केलं. धर्माजी पाट घेऊन बसला, तिच्यापासून दोन हातांवर. तिने वाढलं. तो खाली मान घालून जेवू लागला. त्याला हे आवडतं हे तिला दिसत होतं. तो भराभर जेवत होता, कालपासून पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा येऊन ओट्याच्या कडेवर पडला होता. तिला वाटलं, असंच राहील. ओट्यावर हंडे ठेवता येतील, नारळ ठेवता येतील. माणसाला घरातल्या कशाचीही सवय होते. चूल ती उद्या मातीची घालेल, तिला ठाऊक असलेली माती वाडीच्या मागे होती. ती पळीने टोपातला भात मोकळा करत होती, तळ तिला नीट दिसत होता, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच काही न दुखणारं आलं होतं.

धर्माजीच्या पानातला भात संपला. तो विचारात होता, छापखान्याच्या की घराच्या, कोण जाणे. बिरड्यात बोट घोळवत त्याने मान उचलली आणि भात मागायला वर बघितलं. राहीकडे नाही. तिच्या डोक्यावरून, ओट्याकडे, ओट्याच्याही वर, जिथे उन्हाच्या पट्ट्यात नुसती भिंत होती. त्याची नजर तिथे एका ठरलेल्या उंचीवर जाऊन थांबली, न शोधता, न चुकता, आणि त्याचं तोंड बोलण्यासाठी अर्धं उघडलं.

राहीला त्या बाईचं तोंड किती उंचीवर असतं ते कळलं.

तिने पळीभर भात काढला आणि हात लांब करून धरला.

“भात हितं हाय,” ती म्हणाली.